मैनाबाईची नऊ बोटं

गुरुवारी त्या मारेगावकडच्या गावात कापूस वेचायला मजूर मिळत नसे. सगळे देवीलाल महाराजांच्या मांडवात. कोरं पांढरं कापड अंथरायचं, कमंडलूतलं पाणी शिंपडायचं, की मेलेल्या माणसाची कुंकवाची पावलं उमटलीच! मापारी काट्यात मारतो म्हणून बाजारात भांडणारी माणसं इथे मुकाट हात जोडत.

वेचणीत साप चावून मैनाबाई गेली त्याला दोन महिने झाले होते. तेव्हापासून तिचे पती सदाशिवराव घरात तोंड उघडत नव्हते. बोलायचे ते महाराजांशी. सोळा वर्षांच्या प्रेरणाला बापाचा संताप यायचा. आई तिचीही गेली होती.

त्या गुरुवारी मैनाबाईची पावलं पुन्हा उमटली.

"मैना सांगून राह्यली," महाराज डोळे मिटून म्हणाले, "पोरीची शाळा बंद करा. महाराजाच्या भाच्यासंगं लगन लावा. मंगच मले शांती भेटन."

मेलेल्या बाईला महाराजांचा भाचा बरा ठाऊक! सदाशिवरावांनी मान डोलावली. प्रेरणा उठली.

"बाबा, आईच्या डाव्या पायाले करंगळी होती का?"

ती विळ्यानं तुटली तेव्हा धोतर फाडून पट्टी सदाशिवरावांनीच बांधली होती. कापडावर मात्र दहाच्या दहा बोटं.

"सोरगात आंग पुरं होते," महाराज गुरकावले.

पुढचा नंबर पंजाबरावांच्या वारलेल्या बापाचा होता. प्रेरणानं त्यांच्यासाठी काढलेलं कोरं कापड ओढलं, सदाशिवरावांच्या तंबाखूच्या डबीतला चुना लोट्यात कालवला आणि ते पाणी शिंपडलं. पावलं उमटली. तीच, तेवढीच. पंजाबरावांच्या बापाला मैनाबाईचे पाय फुटले होते.

"शाळेच्या प्रयोगशाळेत हाय हे औषध, फिनॉल्फ्थॅलीन. वाळलं की दिसत नाही, चुन्याच्या पाण्यानं गुलाबी होते. झोळी पाहा याची."

पंजाबरावांनी झोळी उलटी केली. बाटली पडली, पाठोपाठ पावलांचा लाकडी ठसा. मांडव महाराजांवर धावला. सदाशिवराव मात्र पोरीवर.

"दर गुरुवारी येत होती ते. तू तिले दुसऱ्यांदा मारलं."

"ते येत नव्हती, बाबा. मी होती ना घरी. रोज."

सदाशिवराव तिथेच खाली बसले. कापडावरच्या खोट्या करंगळीवर बोट ठेवून म्हणाले, "करंगळी तुटली तवा रडली नाही ते. मीच रडलो."

"मले नाही सांगितलं कधी," म्हणत प्रेरणा त्यांच्याजवळ बसली.

गेलेल्या माणसाबद्दल बोलायला महाराज लागत नाही. घरातल्यांशी बोला. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याची झोळी उलटी करा.