एक टिक डावीकडे

तळवड्यातल्या त्या छोट्या कारखान्यात नेमबाजीच्या रायफलवर बसवायच्या दुर्बिणी तयार होत, आणि खोक्यात जाण्याआधी प्रत्येक दुर्बीण निशिगंधाच्या बोटांखालून जाई. दुर्बिणीच्या अंगावर दोन गोल फिरक्या असतात; कारखान्यात त्यांना टरेट म्हणत. एक फिरवला की आतली नेमाची फुली वर-खाली सरकते, दुसऱ्याने डावी-उजवीकडे, आणि दर वेळी बोटाला एक नेमका, कोरडा टिक जाणवावा लागतो. काही टरेट मळलेल्या पिठासारखे मऊ लागत, काही वाळू अडकल्यासारखे खरखरत. ते ती मुकाट्याने बाजूला काढी.

त्या सोमवारी एक दुर्बीण गिऱ्हाइकाकडून परत आली. तक्रार काहीच नव्हती. फक्त नको, एवढाच निरोप.

निशिगंधाने ती स्टँडवर चढवून खिडकीतून समोरच्या कंपनीच्या गच्चीवर रोखली आणि टरेटला बोटं लावली. इतका सुरेख टिक तिला आजवर लागला नव्हता. कोवळी काकडी मोडावी तसा.

गच्चीवर एक माणूस पाठमोरा उभा राहून चहा पीत होता. फुली त्याच्या खांद्यावरून सरकायला हवी होती. ती हलली नाही. तो माणूसच एक पाऊल डावीकडे सरकला.

तिने पुन्हा फिरवला. तो पुन्हा सरकला, ओठांना लावलेला कप तसाच ठेवून.

"संघर्ष, जरा बघ रे," तिने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली.

त्याने डोळा लावून टरेट फिरवला. "फुली नीट सरकतेय की, ताई. एकदम मक्खन आहे हा."

"आणि तो माणूस?"

"उभाय. चहा पितोय."

तिथेच थांबायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण बोटं ऐकेनात. त्यांना तो टिक पुन्हा हवा होता, आणि मग पुन्हा. गच्चीचा कठडा एका बाजूला दुरुस्तीसाठी पाडलेला होता. माणूस तिथवर पोचला तेव्हा तिने टरेट घाईघाईने उलटा फिरवला. टिक तसेच लागले, स्वच्छ, सुरेख. माणूस मात्र मागे आला नाही. कुणी काही सांगेल म्हणून थांबल्यासारखा तो जागीच उभा राहिला. तिने हात काढून घेतला आणि डोळे मिटले.

जेवणाच्या सुट्टीत संघर्ष बाहेरून आला. "समोरचा एक जण गच्चीवरून पडून गेला, ताई. चहा प्यायला म्हणून वर चढला होता म्हणे."

निशिगंधाने दुर्बीण खोक्यात ठेवली आणि वर 'ठीक' अशी चिठ्ठी चिकटवली.

संध्याकाळी निगडीला चौथ्या मजल्यावरच्या घरी ती पोचली, तेव्हा तिची मुलगी मैत्री गॅलरीत स्टुलावर चढून दोरीवरचे कपडे काढत होती. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी, मंजुळाबाईंनी, लोणच्याची बरणी पुढे केली.

"निशे, येवढं झाकण काढून दे गं. मला फिरंना."

तिने झाकण जरासं फिरवलं. साधी काचेची बरणी. पण बोटांना टिक लागला. गॅलरीत मैत्रीचं पाऊल स्टुलाच्या कठड्याकडच्या कडेला सरकलं.

"मैत्री, खाली उतर बाळा," ती हळूच म्हणाली. मैत्रीने मान वळवली नाही.

निशिगंधा बरणी घट्ट धरून उभी राहिली. झाकण पुढेही नाही, मागेही नाही.

"अगं, काय झालं? दे हिकडं, मीच बघते," मंजुळाबाई म्हणाल्या आणि त्यांनी झाकणावर हात ठेवला.