घड्याळाच्या जाहिरातीतला माणूस

"बाईंना सगळं भरलेलंच लागतं. जरा कुठे कोरं दिसलं की यांच्या पोटात गोळा!"

मी बाकाखाली पडलेली कात्री शोधत होते, हे वर बसलेल्या बडबड्या पोरीला माहीत नव्हतं. तिच्या शेजारची खारू खाली डोकावली, मला बघून गोड हसली आणि तिने मैत्रिणीला कोपराने ढोसलं.

खारू हे नाव मीच ठेवलेलं. कपट्यांची बेगमी करणारी पोर. फ्रॉकचे दोन्ही खिसे कायम फुगलेले. पाचवीच्या वर्गाचं सुट्टीआधीचं चिकटकाम चाललं होतं. विषय, 'सुट्टीतलं आमचं घर'. जुनी मासिकं, पाकिटं, चिंध्या आणि गोंद. गोंद कागदावर कमी, केसांत जास्त.

खारूने जेवणाचं टेबल केलं होतं. कापसाच्या केसांची आजी. आई, तिच्या गळ्यात खऱ्याखुऱ्या मोजपट्टीचा बोटभर तुकडा. स्वतः खारू. आणि चौथी खुर्ची, तपकिरी पाकिटाची, सगळ्यात नीट कापलेली. रिकामी.

"इथे कोण बसणार गं?"

"कुणी नाही, बाई."

"मग खुर्ची कशाला?"

"आजी रोज मांडते."

मी पुढे विचारलं नाही. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी लांब कामाला गेले, असं सगळे म्हणत. मोठ्या बाई म्हणत, शिपाई म्हणत, मीही म्हणे. त्या लांबच्या गावी आमच्या गणिताच्या सरांनी त्यांना दुसऱ्या एका बाईबरोबर भाजी निवडताना पाहिलं होतं, कडेवर वर्षाचं मूल. खारूच्या आईलाही ते ठाऊक होतं. "सासूबाईंना कळू देऊ नका, त्यांना सोसायचं नाही," एवढंच ती शाळेत येऊन सांगून गेली होती.

चित्रकला मला कुणी शिकवली नाही. शिवणाच्या बदली बाई म्हणून आले आणि बघून बघून शिकले. म्हणूनच की काय, अर्धवट दिसलेलं मला सोसत नाही. मुलं घरी गेली की त्यांच्या चित्रांवरून मी 'जरासा हात' फिरवते. इथे एक ढग, तिथे एक झाड. बावीस वर्षं. पालक कौतुक करतात, मुलं गप्प बसतात.

त्या दुपारी चित्रं भिंतीवर लावताना माझे हात शिवशिवले. घड्याळाच्या जाहिरातीतून कापलेला एक माणूस माझ्या टेबलावर पडला होता. सूट, पांढरेशुभ्र दात, मनगट पुढे. मापाला तंतोतंत. चित्राचा तोल साधतेय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर त्या खुर्चीकडे मला बघवत नव्हतं. भरपूर गोंद लावून मी त्याला तिथे बसवला.

दुसऱ्या दिवशी पालक चित्रं बघायला आले. खारूची आई शिवणाच्या दुकानातून तशीच आली, खडूची पूड नखांत. सोबत आजी. खारूने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर परवडलं असतं.

"अगंबाई!" आजींनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "बापाला बसवलंस की! तेही सुटाबुटात! बघ गं, पोरीलासुद्धा वाटतंय, तो येणार."

"हो, आई," खारूची आई म्हणाली. ते 'हो' वापरून वापरून पार विरून गेलं होतं.

"बाबा रुबाबदार आहेत हं," शेजारचे एक गृहस्थ म्हणाले. खारू बुटाच्या टोकाने फरशी खरवडू लागली. खोटं माझं, आणि खाली चिठ्ठी तिच्या नावाची.

"आजी," मी म्हणाले, "तिने नाही केलं ते. मी चिकटवलं. तिने खुर्ची रिकामीच ठेवली होती."

आजी वळल्या. "तुम्ही? म्हणजे तुम्हाला त्याचं काही कळलंय का?"

काय सांगणार होते मी? "नाही. म्हणजे... मला रिकामं बघवलं नाही, एवढंच."

आणि काहीतरी करायचं म्हणून मी त्या माणसाच्या कडेला नख घातलं. गोंद माझाच, चांगला पक्का. सूट निघाला तो खुर्चीची पाठ घेऊनच.

"बाई, खुर्ची!" खारू ओरडली.

माझा हात हवेतच राहिला. आजींनी माझं मनगट धरलं, बोटांतून तो माणूस अलगद सोडवून घेतला आणि खारूच्या खिशात, बाकीच्या कपट्यांत टाकला. मग सुनेकडे वळल्या.

"मी रोज खुर्ची मांडते, तू रोज हो म्हणतेस. तू माझ्यासाठी, मी तुझ्यासाठी. दमलो की गं दोघी."

"आई, इथे नको ना..."

"इथेच." आजींनी चष्मा काढून पदराला पुसला. "तो नाही येणार. त्याने तिकडे दुसरं घर मांडलंय."