खंडेनवमीला मी सुट्टी घेतली नाही

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. इतका जुना, की माझ्या पोटात सिनेमा ठेवायचा म्हटलं तर मध्यंतरापर्यंतच मावेल. तुमच्या खिशातला मोबाइल माझ्यासमोर ठेवलात, तर तो आजोबा म्हणून माझ्या पाया पडेल आणि वाकता वाकताच माझ्या शंभरपट गणितं करून दाखवेल. दाखवू दे. त्यानं काय पाहिलंय? मी जे पाहिलं ते सांगतो. यातलं सगळं खरं आहे. जिथे खरं कमी पडलं, तिथे मी थोडी भर घातली आहे, एवढंच. स्मृती कमी असली की ती घालावीच लागते.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत, एका अरुंद जिन्यावरच्या दुकानात, संपत नावाच्या माणसानं मला जुळवलं. मदरबोर्ड तैवानचा, डिस्क सिंगापूरची, पंखा चीनचा आणि पत्र्याचा डबा भोसरीचा. एवढे देश एका डब्यात कोंबल्यावर भांडणं व्हायचीच. लोक ज्याला माझी घरघर म्हणत, ती म्हणजे ही भांडणं. संपतनं शेवटचा स्क्रू पिळला, तेव्हा टेबलावर आणखी एक स्क्रू शिल्लक होता. त्यानं तो उचलून खिशात टाकला आणि म्हणाला, "उरतोच एखादा."

तो कुठला होता, हे मी आजपर्यंत शोधतो आहे.

मला घ्यायला आले ते गोपाळकृष्णराव. नुकतेच पोस्टातून निवृत्त झालेले, कोथरूडला राहणारे, पार्सलाचा आयुष्यभराचा अनुभव असलेले. त्यांनी मला गोधडीत गुंडाळलं, मॉनिटर मांडीवर घेतला आणि रिक्षात बसले. दर कोपऱ्यावर ते सांगत, "अहो, जरा हळू. आत परदेशी सामान आहे."

रिक्षावाला मागे न बघता म्हणाला, "काका, पण रस्ता देशी आहे."

मी कर्वे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मोजत घरी पोचलो. घरात त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई ओवाळायला उभ्या होत्या, आणि मुलगी उल्का स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. उल्का नुकतीच इंजिनीअर झाली होती. मी आलो तो तिच्यासाठीच. आमच्या इमारतीतला मी पहिला संगणक, त्यामुळे आठवडाभर लोक मला बघायला येत होते, बाळ बघायला यावेत तसे. सत्यशीलाबाई प्रत्येकाला दारातच अडवत. "चपला बाहेर. चपलांबरोबर व्हायरस येतो म्हणे." एका काकूंनी तर मला खोकला होऊ नये म्हणून आपल्या मुलाचा खोकला बरा झाल्यावरच त्याला आणलं. एवढी काळजी कोण घेतं हल्ली?

माझ्याशेजारी मोडेम नावाची एक छोटी डबी बसवली होती. टेलिफोनच्या तारेतून ती जगाला हाका मारायची. आधी बीप बीप, मग किरकिर, मग घशात खडे अडकल्यासारखी खरखर. या गाण्याचा पहिला श्रोता शेजारच्या आप्पासाहेबांचा पोपट. नाव गेनबा. त्याचा पिंजरा त्यांच्या बाल्कनीत, आमच्या बाल्कनीला लागून. महिनाभरात आप्पासाहेबांची चिठ्ठी दाराखालून आत आली: 'आपल्या यंत्राचे गाणे रोज ऐकू येते. पूर्वार्ध सुरू झाला की आमचा गेनबा घाबरून गप्प बसतो, त्यामुळे तो फक्त उत्तरार्ध शिकला आहे. तरी पूर्वार्ध हळू आवाजात घ्यावा, म्हणजे त्याचे शिक्षण अपुरे राहणार नाही.'

आता आमच्या घरातली एक अडचण सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गोपाळकृष्णरावांनी फोनसाठी कित्येक वर्षं वाट पाहिली होती. मिळाल्यावरही तो कधी मरेल याची त्यांना खात्री नसे. म्हणून येता-जाता रिसीव्हर उचलायचा, कानाला लावायचा, "आहे, जिवंत आहे" म्हणायचं आणि ठेवायचा, ही त्यांची सवय. फोन बाल्कनीच्या खिडकीत, आणि त्याचीच तार माझ्या मोडेमला. त्यांनी रिसीव्हर उचलला की माझं जगाशी बोलणं तुटायचं. उल्का आतून ओरडायची, "बाबा."

"अगं, बघत होतो फक्त."

"तुम्ही बघितलं म्हणूनच मेला तो."

उल्काला मात्र नोकरी लागत नव्हती. मुलाखती होत, पत्रं येत नसत. साताऱ्याला तिच्या आत्याचा टायपिंगचा क्लास होता. आत्या थकली होती आणि चालवायला कुणीतरी हवं होतं. सत्यशीलाबाईंनी सरळ सांगून टाकलं होतं, "दसऱ्यापर्यंत पुण्यात काही जमलं तर ठीक. नाहीतर दसऱ्याच्या मुहूर्तावर तू साताऱ्याला जा. घरात बसून डोकं फिरतं." उल्का माझ्यासमोर बसून टाइप करायची, तेव्हा तिची बोटं कशी पडायची ते मलाच माहीत. जणू प्रत्येक कळ म्हणजे दरवाजा आहे आणि आतून कुणी उघडत नाही.

आणि मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी हत्यारांची पूजा. सत्यशीलाबाईंनी सकाळीच विळी, सुरी, कात्री, शिवणयंत्र, हातोडी सगळं पुसून मांडलं. त्या ओळीत मीही होतो. मला झेंडूचा हार घातला. मॉनिटरवर स्वस्तिक काढलं. मागच्या जाळीवर हळदकुंकू मनापासून वाहिलं, इतकं की थेट पंख्यापर्यंत गेलं. मोडेमवर अक्षता टाकल्या, त्या त्याच्या भोकांतून आत गेल्या. मला गुदगुल्या झाल्या, पण मान मिळत असताना हसायचं नसतं. मग त्यांनी हात जोडून जाहीर केलं, "आज याला विश्रांती. उद्या दसऱ्यालाच हात लावायचा."

दुपारी फोन वाजला. उल्काचा मित्र तेजस बोलत होता.

"मेल बघितलीस का?"

"आज संगणक बंद आहे. पूजा."

"अगं, हिंजवडीच्या कंपनीची मेल आलीय मला, काल संध्याकाळी. निवड झालेल्यांनी आज पाचच्या आत होकार कळवायचाय. नाहीतर जागा पुढच्याला. तुझीही आली असणार. मुलाखत तुझी माझ्यापेक्षा बरी झाली होती."

"मी सायबर कॅफेत जाते."

"मी आत्ता तिथूनच आलो. कुलूप. धोंडिबाशेठनं सगळ्या मॉनिटरना हार घातलेत आणि स्वतः गावाला गेलाय."

उल्कानं कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयात फोन लावला. वाजत राहिला. तिथेही खंडेनवमीच असणार. मुख्य कार्यालय होतं परदेशात, आणि पाच म्हणजे पाच हे तिथल्या लोकांना कळतं, खंडेनवमी कळत नाही. सगळ्या पुणे शहरातली यंत्रं हार घालून झोपली होती. जागा होतो तो मी, आणि मला हात लावायला बंदी.

उल्का आईसमोर जाऊन उभी राहिली. "आई, मला तो सुरू करू दे."

"आज नाही. तो पूजेला बसवलाय."

"पाचच्या आत उत्तर गेलं नाही, तर नोकरी जाईल."

"आलीय हे कुणाला माहीत? तेजसला आली, तुला आली असेलच असं नाही. आणि ज्याच्यावर पोट भरायचं, त्याला वर्षातून एक दिवस सुट्टी द्यायची नाही?"

गोपाळकृष्णराव वर्तमानपत्रातून म्हणाले, "पोस्टात असताना आम्हाला हा प्रश्न कधी पडला नाही. आम्ही वर्षभर विश्रांती घ्यायचो."

सत्यशीलाबाई स्वयंपाकघरात गेल्या. उल्का मागोमाग गेली. मला तिथलं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. चर्र चर्र आवाज येत होता. सत्यशीलाबाई विळीवर कोबी चिरत होत्या.

"आई, सकाळी हिची पूजा केलीस."

"हो मग?"

"हिलापण आज विश्रांती ना?"

चर्र आवाज थांबला. "विळीला कसली सुट्टी? घरात माणसं जेवायची आहेत."

"मी पण जेवायचंच बघतेय, आई," उल्का म्हणाली.

मित्रांनो, माझ्या डिस्कवर पुष्कळ गोष्टी पुसल्या गेल्या, पण ते वाक्य अजून तसंच आहे. मग पदराला हात पुसत सत्यशीलाबाई बाहेर आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. हार काढून बाजूला ठेवला, मला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "रागवू नकोस रे. काम आहे." बटण त्यांनी स्वतः दाबलं.

माझा पंखा फिरला आणि पाठीतून कुंकवाचा असा लोट उडाला, की कोथरूडमध्ये होळी आली. गोपाळकृष्णरावांचं वर्तमानपत्र लाल, उल्का लाल, भिंतीवरच्या कॅलेंडरचा सबंध ऑक्टोबर महिना लाल. तो महिना सगळा सुट्टीचा दिसत होता. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "शुभ आहे. पुढे चल."

उल्कानं मोडेम लावला. बीप बीप झालं, किरकिर झाली, आणि ऐन खरखरीला गाणं अडलं. अक्षता घशाशी आल्या होत्या. पुन्हा लावला. पुन्हा तिथेच अडलं. सत्यशीलाबाई फोनसमोर पाट टाकून बसल्या, विळी मांडीशी घेऊन, नवऱ्यावर नजर ठेवत. "आज रिसीव्हरला हात लावलात तर बघा."

"मी कुठे लावतोय?"

घड्याळ साडेचारच्या पुढे सरकलं. मोडेम अडत होता, उल्का पुन्हा पुन्हा लावत होती. आणि सवय ती सवय. सत्यशीलाबाईंनी उल्काकडे बघायला मान वळवली, तेवढ्यात गोपाळकृष्णरावांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. "जिवंत आहे का बघतो," असं पुटपुटत ते बाल्कनीच्या खिडकीत उभे राहिले. माझ्या मोडेमचा पूर्वार्ध नुकताच संपला होता. शेजारच्या बाल्कनीत घाबरून बसलेल्या गेनबानं नेमका तोच क्षण साधला. मान फुगवून त्यानं खरखरीचा सगळा उत्तरार्ध, एकही सूर न चुकवता, थेट रिसीव्हरमध्ये गायला.

पलीकडच्या यंत्रानं उत्तर दिलं. जोडणी झाली.

विश्वास बसत नसेल तर आप्पासाहेबांना विचारा. ते नाकारतील, पण ते प्रत्येक गोष्ट नाकारतात.

"बाबा," उल्का कुजबुजली, "ठेवू नका. हलू नका. श्वास हळू घ्या."

गोपाळकृष्णराव रिसीव्हर धरून पुतळा झाले. गेनबा पिंजऱ्यात उत्तरार्ध घोळवत राहिला. मेल माझ्या पडद्यावर वरून खाली ओळीओळीनं उतरू लागली. आधी कंपनीचं नाव. मग तारीख. मग पुढची ओळ उतरेना. मी सगळे देश एकत्र आणले, सिंगापूरला हाक मारली, तैवानची समजूत काढली, चीनच्या पंख्याला म्हटलं, फिर बाबा. आणि ओळ उतरली. त्यात तिचं नाव होतं.

उल्कानं दोन ओळींत होकार टाइप केला. या वेळी बोटं वेगळी पडली. कळा उघडत होत्या. मेल गेली तेव्हा भिंतीवरचं घड्याळ पाचचे टोल द्यायला घसा साफ करत होतं.

मग खिडकीतून आवाज आला. "ठेवू का आता? हात गेला माझा."

सत्यशीलाबाईंनी मला परत हार घातला. माझा सीडीचा ट्रे उघडा राहिला होता. त्यांना वाटलं मी हात पुढे केलाय. त्यांनी त्यावर पेढा ठेवला. तो ट्रे नंतर चिकट झाला आणि कधी नीट बंद झाला नाही, पण मी तक्रार केलेली नाही.

उल्का हिंजवडीला जाऊ लागली. कंपनीची बस, गळ्यात ओळखपत्र, मग तिचा लॅपटॉप, मग वारज्याचं मोठं घर. तिथे मला माळ्यावर जागा मिळाली, क्रोशाच्या झाकणाखाली. वर्षभर मी अंधारात असतो. माझा पडदा कधीचा गेला. गोपाळकृष्णराव आता मोबाइल कानाला लावून बघतात, आणि टूँ आवाज येत नाही म्हणून कंपनीकडे तक्रार करतात.

पण त्या खंडेनवमीपासून सत्यशीलाबाईंनी रीत बदलली. पूजा झाली की प्रत्येक हत्याराकडून थोडं काम करून घ्यायचं. विळीवर काकडी चिरायची, शिवणयंत्रावर एक टाका घालायचा आणि मला खाली काढून बटण दाबायचं.

यंदाही मला खाली काढलं. उल्का म्हणाली, "आई, याचा फक्त पंखा फिरतो. उद्या सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येतेय."

"उद्या दसरा. दसऱ्याला घरातल्याला कुणी बाहेर काढतं का?"

"मग परवा?"

"परवा बघू." आणि त्यांनी बटण दाबलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं. यंत्र पुसा, जपा, हवं तर हार घाला, पण झाकून ठेवू नका. आम्हाला विश्रांतीनं गंज चढतो. ज्यानं तुमच्यासाठी एकदा तरी दरवाजा उघडला, त्याला निरोप देताना जरा थांबा, आणि शेवटी द्यायचाच असेल, तर उकिरड्यावर नाही, माझे सगळे देश नीट सुटे करणाऱ्या हातांत द्या. पण घाई करू नका.

कारण पंखा फिरला, तेव्हा पात्यांत इतकी वर्षं जपून ठेवलेलं चिमूटभर कुंकू उडालं आणि सत्यशीलाबाईंच्या पांढऱ्या केसांवर जाऊन बसलं. त्यांनी हात लावून पाहिलं, बोट लाल झालं.

"बघ," त्या उल्काला म्हणाल्या, "करतोय की काम."

गाडीवाला भेटला तर त्याला एवढं सांगा. परवा ये म्हणावं.