त्या ओळीला गप्प होणारे दोघे

मित्रांनो, माझे खरे वय मलाही सांगता येणार नाही. मी होडी आहे, आणि आमच्या गावात होडी एकदम म्हातारी होत नाही. एखादी फळी कुजली की ती काढतात आणि तिच्याच मापाची दुसरी बसवतात. जन्माच्या दिवशी माझ्या अंगावर ज्या फळ्या होत्या, त्यांतल्या आज फार तर चार उरल्या असतील. तरीही किनाऱ्यावरचे शेंबडे पोरसुद्धा मला माझ्याच नावाने ओळखते. माझे नाव बिंतांग, म्हणजे तारा.

दूर पूर्वेच्या समुद्रातल्या लेंबाता बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, जिथे शेतात दगडांशिवाय फारसे काही पिकत नाही, तिथे अनाक्लेत सुताराने मला घडवले. माझ्यात एकही लोखंडी खिळा नाही. सगळ्या फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडल्या आहेत आणि फटींमध्ये झाडाच्या सालीचा काथ्या ठासला आहे. अनाक्लेत मोठा तिरसट माणूस. काम चालू असताना कोणी मध्ये बोलले की हातातला लाकूड तासायचा वाकस त्याच्या नाकासमोर धरायचा. पण माझ्यावर त्याचा फार जीव होता. फळी तासून झाली की तो तिच्यावरून तळवा फिरवायचा, तेव्हा मला ते कळायचे.

"सुतारानं चूक लपवली तर माणसांना दिसत नाही," तो म्हणायचा, "पण देवमाशाला दिसते. तो बरोब्बर त्याच फळीवर येऊन धडकतो." आणि कोणी विचारलेच की काका, ही होडी गळणार तर नाही ना, तर तो चिडायचा. "न गळणारी होडी मी अजून पाहिली नाही. पाणी येणारच. उपसणारा जागेवर हवा."

मला पाण्यात लोटले त्या दिवशी फादरांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडले. अकरा माणसे माझ्यात बसली. पुढे नाळेवर, म्हणजे माझ्या टोकावर, बांबूचा माचा होता. त्यावर भाला घेऊन गौडेन्स उभा राहिला. मागे सुकाणूवर त्याचा थोरला भाऊ क्रिस्पिन बसला. धाकट्याने माझे डोके सांभाळायचे आणि थोरल्याने शेपूट, असा आमचा संसार सुरू झाला. देवमासा दिसला की शीड उतरवायचे, वल्ही हातात घ्यायची आणि वल्हवता वल्हवताच सगळ्यांनी मिळून आकाशातल्या बापाची प्रार्थना म्हणायची, ही आमच्याकडची रीत. ती अकरा आवाजांची प्रार्थना माझ्या फळ्याफळ्यांतून घुमत असे. मला ती फार आवडायची.

ती वर्षे सुखाची होती. मी किनाऱ्याला लागले की अख्खे गाव धावत येई. वाटे पडत, आणि विधवांचा वाटा कोणी विसरत नसे. बायका सुकवलेले मांस डोक्यावर घेऊन डोंगरावरच्या गावांत जात आणि बदल्यात मका, केळी घेऊन येत. क्रिस्पिनची बायको लुडविना त्या मक्याचे पोहे दगडावर ठेचायची. त्यातले मूठभर माझ्या नाळेवर ठेवून म्हणायची, "घे गं बाई, तुझाही घास." ते पोहे कोंबड्या खायच्या ही गोष्ट वेगळी.

मग तो दिवस आला. देवमासा अगदी जवळ होता, त्याची पाठ माझ्या नाळेला लागेल इतका. गौडेन्सने भाला उचलला. तेवढ्यात मागे क्रिस्पिनला दिसले की भाल्याच्या दोराचे एक वेटोळे सुकाणूच्या खुंटीत अडकले आहे. "थांब," तो ओरडला, आणि वेटोळे सोडवायला वाकला.

गौडेन्सने भाल्यासकट माशाच्या पाठीवर उडी मारली. देवमाशाने बुडी घेतली. दोर सणाणत सुटला आणि क्रिस्पिनच्या उजव्या हाताची दोन बोटे घेऊन गेला.

मित्रांनो, भावाच्या हातून नुसती चूक झाली असती तर क्रिस्पिनने ती पोटात घातली असती, हे मी छातीठोक सांगते. त्याचा स्वभावच तसा. पण किनाऱ्यावर आल्यावर सगळ्यांनी विचारले तेव्हा गौडेन्सने कानावर हात ठेवले. "लाटांचा आवाज केवढा होता. मला काही ऐकूच आलं नाही," तो म्हणाला. क्रिस्पिनने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि तोंड फिरवले.

खरे काय ते मला ठाऊक होते. गौडेन्सचे पाय माझ्या माच्यावर होते. 'थांब' हा शब्द आला तेव्हा त्याच्या टाचा खाली टेकल्या होत्या. अंगाचा सगळा भार क्षणभर मागे आला होता. मग देवमाशाची पाठ पाण्याखाली जाऊ लागली आणि त्या टाचा पुन्हा उचलल्या. त्याने ऐकले होते. हे जगात दोघांनाच माहीत होते, एक त्याला आणि दुसरे मला. मला तोंड नाही.

तीन बोटांच्या हाताने सुकाणू नीट धरता येईना. क्रिस्पिनने ते दुसऱ्या एकाकडे दिले आणि तो माझ्या पोटात पाणी उपसायच्या जागेवर येऊन बसला. ते काम नवशिक्याला देतात. गौडेन्स माच्यावर, क्रिस्पिन खाली, आणि दोघांची तोंडे दोन दिशांना. एकमेकांशी बोलणे बंद झाले. चर्चमध्ये एक डावीकडे बसे, दुसरा उजवीकडे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर दोन सुंभ होते.

आमच्याकडे दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, मोसम सुरू होण्याआधी, प्रत्येक होडीची माणसे आपल्या होडीभोवती बसतात. करवंटीतून पाणी फिरवतात. ज्याच्या हातात करवंटी येईल त्याने म्हणायचे, "माझ्या पोटात काही नाही," आणि घोट घ्यायचा. पोटात काही असेल तर आधी ते बोलून मोकळे व्हायचे. भांडण घेऊन समुद्रावर जायचे नाही, हा नियम. दोन वर्षे त्या दोघांनी डोळ्याला डोळा न देता ते शब्द म्हटले आणि पाणी प्याले. सगळ्यांनी ते पाहिले आणि सगळे गप्प बसले.

पण प्रार्थनेत मला ते पकडता येत होते. 'आमचे ज्यांनी वाईट केले त्यांना आम्ही क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर,' अशा अर्थाची त्या प्रार्थनेत एक ओळ आहे. ती ओळ आली की अकरा आवाजांचे नऊ होत. क्रिस्पिनचे उपसणे थांबे. माच्यावरचे पाय अवघडून उभे राहत. पुढची ओळ सुरू झाली की दोघे पुन्हा म्हणू लागत. वल्हेकऱ्यांना स्वतःच्या धापेत ते ऐकू येत नसे.

त्या दोन वर्षांत आम्हाला एकही देवमासा मिळाला नाही. कसा मिळणार? माच्यावरचा माणूस मागून सूचना आली तर वळून बघत नसे, आणि पोटातला माणूस धोका दिसला तरी तोंड उघडत नसे. पण नाचता येईना अंगण वाकडे. सगळे खापर माझ्यावर फुटले. माझा काथ्या दोनदा बदलला. शीड नवे विणले. फादरांना बोलावून माझ्यावर पुन्हा पवित्र पाणी शिंपडले, तेही बादलीभर. शेवटी मला होडीघराच्या कोपऱ्यात ढकलले आणि तिथे कोंबड्या अंडी घालू लागल्या. जिला घास भरवत होते तिच्यात आता अंडी शोधत होते. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

तिसऱ्या वर्षी गावातल्या जाणत्यांनी ठरवले, बिंतांगला हा शेवटचा मोसम. यंदाही ती रिकामी आली तर तिच्या फळ्या सुट्या करून दुसऱ्या होड्यांना लावायच्या. त्याआधी अनाक्लेतने तिला एकदा तपासावे. तो आता पार थकला होता. काठी टेकत आला आणि सकाळपासून दुपारपर्यंत त्याने माझी एक एक फळी ठोकून ऐकली. गौडेन्स बाजूला उभा होता.

"काय सापडलं, काका?" त्याने विचारले.

"काही नाही."

"असं कसं? काहीतरी असणारच."

"असेलच की. लाकडात नाही एवढंच सांगतो," अनाक्लेत म्हणाला. "लाकूड संपलं, आता माणसं ठोकून बघायची राहिली. तुझ्यापासून सुरुवात करू का?"

अनाक्लेत गेल्यावर गौडेन्स माझ्या माच्यावर चढला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. त्याच्या टाचा माझ्यावर घट्ट टेकल्या होत्या.

तो एप्रिलचा शेवटचा दिवस होता, आणि त्या संध्याकाळी करवंटी फिरू लागली. क्रिस्पिनने आपले शब्द पुटपुटून घोट घेतला आणि ती पुढे केली. गौडेन्सच्या हातात आल्यावर ती तिथेच राहिली. बाजूचा माणूस म्हणाला, "अरे पी की, का उकळून देऊ?" कोणीतरी हसले.

"माझ्या पोटात आहे," गौडेन्स म्हणाला. मग त्याने भावाकडे पाहिले. "दादा, तू थांब म्हणाला होतास. मी ऐकलं होतं."

क्रिस्पिनने पहिल्यांदा मान वर केली.

"ऐकलं, आणि तरी उडी मारली. मासा हातचा जाईल असं वाटलं. मग घाबरलो आणि खोटं बोललो. मग रोज बोलत राहिलो."

क्रिस्पिन उठला आणि कोणाकडे न बघता घराकडे चालू लागला. पोह्यांची टोपली घेऊन आलेली लुडविना तिथेच उभी होती. ती गौडेन्सला म्हणाली, "दोन वर्षं झाली भाऊजी, तुमच्या भावाच्या सदऱ्याची बटणं मी लावते. एकदा तरी येऊन विचारायचं होतंत." तिने टोपली खाली ठेवली आणि नवऱ्यामागे गेली. करवंटीतले पाणी तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर फादरांची मिस्सा, म्हणजे मोसमाची सामूहिक प्रार्थना, झाली. एक एक होडी पाण्यात उतरली, पण मी वाळूतच होते. दहाच माणसे होती. गौडेन्सची मान खाली होती. माझ्या फळ्यांचे काय होणार ते मला दिसू लागले होते, पण खरे सांगते, त्यापेक्षा त्या दोघांची काळजी मला जास्त वाटत होती.

ऊन वर आल्यावर क्रिस्पिन आला. सदऱ्याची बटणे उघडीच होती.

"रात्रभर 'माफ केलं' असं म्हणून बघितलं," तो भावाला म्हणाला. "तोंडातून निघत नाही. हात दुखला की तुझा राग येतो, आणि हात रोज दुखतो."

"मग मी उतरतो होडीतून, दादा. तू जा."

"उतर म्हणालो का मी? तेव्हाही ऐकलं नाहीस, आता तरी नीट ऐक." क्रिस्पिन फादरांकडे वळला. ते गुडघाभर पाण्यात, झगा वर धरून उभे होते. "फादर, थोडं थोडं माफ केलं तर चालतं का? रोज थोडं. मला एकदम सगळं जमणार नाही."

फादरांनी जरा विचार केला. "त्या प्रार्थनेत क्षमेच्या आधी आपण काय मागतो?"

"भाकर."

"किती दिवसांची?"

"आजची."

"मग क्षमा तरी वर्षाची एकदम कुठून आणशील?" फादर म्हणाले. "देव आपल्याला रोज नव्यानं माफ करतो, म्हणून तर आपण अजून उभे आहोत. तू आजचं बघ."

क्रिस्पिनने मान डोलावली. तो माझ्या पोटातल्या आपल्या जागेकडे आला, तर तिथे गौडेन्स पाणी उपसायचे भांडे घेऊन बसला होता. भालेकरी कधी पाणी उपसत नाही. गावात कोणी तसे पाहिले नव्हते.

"ऊठ. तुझी जागा वर आहे."

"मासा दिसेपर्यंत मी उपसतो. तू सुकाणू धर."

"तीन बोटांनी?"

"जड गेलं की हाक मार. मी येईन."

"येशील," क्रिस्पिन म्हणाला, "ऐकू आलं तर."

आधी कोणाला कळेना, हसावे की नाही. मग क्रिस्पिनच्याच ओठाचा कोपरा हलला, आणि दहाही जण हसू लागले. हसत हसतच त्यांनी मला पाण्यात लोटले.

समुद्रात दूरवर एक पाठ दिसली आणि प्रार्थना सुरू झाली. ती ओळ जवळ येऊ लागली तशी मी फळ्या आवळून वाट पाहिली. ओळ आली. गौडेन्सचा आवाज कापत होता, पण होता. दहा. मग मागून, एक शब्द उशिराने, क्रिस्पिनचा आवाज आला. अकरा. मी आयुष्यात कितीतरी देवमासे ओढून आणले, पण त्या एका ओळीइतके जड काही मी कधी वाहिले नव्हते, आणि इतकी हलकीही कधी झाले नव्हते.

तो मासा निसटला. आम्ही रिकामे परतलो. किनाऱ्यावर लुडविना उभी होती.

"काय आणलंत?"

"काही नाही," क्रिस्पिन म्हणाला.

"बरं. पोहे ठेचलेत. दोघंही या." मग ती गौडेन्सला म्हणाली, "हात धुऊन या, भाऊजी. आणि येताना यांची बटणं लावा."

त्या मोसमात पुढे आम्हाला दोन देवमासे मिळाले आणि माझ्या फळ्या जागेवर राहिल्या. क्रिस्पिनचा हात अजून दुखतो. काही दिवशी तो ती ओळ मोठ्याने म्हणतो, काही दिवशी कशीबशी. पण गप्प राहत नाही. अनाक्लेत आता गावच्या दफनभूमीत, समुद्राकडे तोंड करून झोपला आहे.

मित्रांनो, मला सांभाळायचे असेल तर रंग नको आणि हारही नको. पाणी रोज शिरते, ते रोज उपसा, म्हणजे मी अजून खूप वर्षे तरंगेन. आणि तुमच्या घरी, तुमच्या प्रार्थनेत, एखाद्या ओळीपाशी शेजारचा आवाज गळून पडला, तर ऐकून न ऐकल्यासारखे करू नका. मी दोन वर्षे ते ऐकत राहिले आणि काही करू शकले नाही. होडीला तोंड नसते. तुम्हाला आहे.