बेलमोरा देशाची निकालपाटी

१९७३ सालच्या जून महिन्यात, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्यात, एका थंड शनिवारी दुपारी, माझ्या खिळ्यांवर पाच गव्हर्नर निवडून आले. त्या दिवसाचा एक आकडा अजून माझ्या अंगावर आहे. तुम्ही तो बघितला असेल, मित्रांनो. खाली उजव्या कोपऱ्यात, गंजलेला, एकोणतीस.

मी एक जुनी निकालपाटी आहे. या संग्रहालयात माझ्याखाली जे कार्ड लावलं आहे, त्यावर ‘क्रिकेटचा धावफलक’ असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. माझ्यावर कधी एक धावसुद्धा लागली नाही.

माझा जन्म इथलाच, पोर्ट केलिसचा. गव्हाची जहाजं लागायची त्या धक्क्याच्या फळ्या बदलल्या, तेव्हा जुन्या फळ्यांतून क्लॅरी पेनहेल या सुताराने मला घडवलं. जॅरा नावाच्या झाडाचं टणक लाकूड, मुळात तांबडं. क्लॅरीने काळा रंग दिला, पाच आडव्या पट्ट्या आखल्या आणि सरळ रेषेत खिळे ठोकले. आकडे त्याने बिस्किटांच्या डब्यांचे पत्रे कापून केले. आठाच्या मागच्या बाजूला डब्यावरच्या चित्रातल्या पोपटाची शेपटी अजून दिसायची.

मला घडवायचं कारण त्याची मुलगी मर्ल. मर्ल गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसायची. दोन फोनांच्या मधल्या वेळात तिने एक देश तयार केला होता. त्याचं नाव बेलमोरा. पाच प्रांत, एक रेल्वे, तीन नद्या आणि कायमची पाणीटंचाई. हिवाळ्यात दर शनिवारी गावातली माणसं हॉलमध्ये जमून तो देश चालवायची. दुष्काळ पडणार की पूर येणार, ते चिठ्ठ्या काढून ठरायचं. मग कुणाचं धरण आधी, कुणाच्या मेंढ्या आधी, यावर जी भांडणं लागायची ती सोमवारी खाटकाच्या दुकानातही चालू असायची. दर दोन वर्षांनी पाच प्रांतांचे पाच गव्हर्नर निवडले जायचे. हॉलमध्ये येईल त्या प्रत्येकाला मत.

मतदानाची रीत बाहेरच्या खऱ्या देशातलीच होती. सगळ्या उमेदवारांपुढे पसंतीने एक, दोन, तीन असे नंबर टाकायचे. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर सर्वांत मागच्याला काढून टाकायचं आणि त्याच्या कागदांवर दोन नंबर ज्याच्यापुढे असेल त्याला ती मतं द्यायची. मर्लनेच हा नियम बेलमोराच्या घटनेत लिहिला होता. कुणाचं मत वाया जाऊ नये, म्हणून.

आणि गावाची सवयही तीच होती. दारात उमेदवाराचा माणूस पत्रक देणार, त्यावर नंबर छापलेले असणार, आणि लोक आत जाऊन तेच नंबर मुकाट्याने उतरवून काढणार. आपल्या माणसाचं पत्रक हातात आलं, की वाचायचं काय त्यात?

शिडीवर चढून आकडे लावायचं काम मर्लचं. क्लॅरी खालून बघत उभा राहायचा.

“सरळ लाव गं. हरणाऱ्याचा आकडा वाकडा लागला, तर त्याला दोनदा हरल्यासारखं वाटतं.”

क्लॅरी १९६९ साली गेला. त्यानंतर दर मे महिन्यात मर्ल एकटीच येऊन मला जवसाचं तेल लावायची आणि बाबांशी बोलावं तशी माझ्याशी बोलायची. लाकडाशी बोलणारी माणसं मला वेडी वाटत नाहीत. त्यांना माणसं कमी पडलेली असतात, एवढंच.

त्या वर्षी ती तेल लावता लावता म्हणाली, “बाबा, गावची परिषद हा हॉल पाडणार आहे. ट्रक उभे करायला जागा हवी म्हणे. परिषदेत सगळे पुरुषच. कुणी तोंड उघडणार नाही. मी उभी राहीन म्हणते.”

पोर्ट केलिसच्या परिषदेत तोवर एकही बाई बसली नव्हती. मर्ल अठ्ठेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. गावाला तिचा आवाज फोनवरून पाठ, पण चारचौघांत तिला कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणून तिने आधी बेलमोरात उभं राहायचं ठरवलं, वीस वर्षांत पहिल्यांदा. उत्तर खाडी प्रांताची गव्हर्नर म्हणून.

“खोट्या देशात मला निवडून दिलं, तर खऱ्या गावातही देतील,” ती म्हणाली. “नाही दिलं, तर मला कळेल.”

परिषदेच्या उमेदवारीचा अर्ज भरून तिने कोटाच्या खिशात ठेवला होता. सोमवारी दुपारी बाराच्या आत तो द्यायचा होता. हे तिला माहीत होतं आणि मला.

उत्तर खाडीत तिच्यासमोर दोघे होते. एक हेक्टर यूरेन, धक्क्यावरचा म्हातारा नावाडी, क्लॅरीचा जिवलग दोस्त. तो दर वेळी गंमत म्हणून उभा राहायचा. त्याचं वचन ठरलेलं, घरटी एक होडी, पाणी असो नसो. दुसरा लिंडसे रॉड्डा, धान्याच्या कचेरीतला. चाळिशीचा, हसतमुख. पत्रकं छापायचं यंत्र त्याच्याच कचेरीत होतं.

हेक्टरने मर्लला शब्द दिला होता. “माझ्या पत्रकावर दुसरा नंबर तुझा, पोरी. मी काय निवडून येणार नाही. माझी मतं तुझ्याकडे.”

शुक्रवारी खुर्च्या मांडायला हेक्टर आणि लिंडसे दोघेच आले होते. लिंडसेने छापलेली पत्रकं माझ्या खालच्या कडेवर ठेवली.

“हेक्टर, एक सांगू? मी तुझ्या पत्रकावर दोन नंबर माझ्यापुढे टाकलाय. मर्ल तीन.”

“अरे, मी तिला शब्द दिलाय.”

“ती निवडून येणारच आहे रे. देश तिचा, नियम तिचे, माणसं तिची. जरा घाम फुटू दे तिला. नाहीतर मजा काय त्यात?”

“वाईट वाटेल तिला.”

“खेळ आहे, हेक्टर. तुझ्या होड्यांवर कुणी चिडतं का?”

हेक्टर हसला. “निम्मे लोक तरी ऐकणार नाहीत आपलं. जाऊ दे. थोडी घाबरू दे.”

मला बोलता येत असतं, तर त्या दिवशी मी बोलले असते.

शनिवारी एकसष्ट माणसं आली. बाहेर दक्षिणेचा गार वारा, आत चहाचा मोठा बंब आणि मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्टी. चार प्रांतांचे निकाल भराभर लागले. मग उत्तर खाडी. पहिल्या मोजणीत मर्ल सत्तावीस, लिंडसे वीस, हेक्टर चौदा. मर्लने आपले आकडे आपल्या हाताने लावले. तिचा हात माझ्यावर टेकला तेव्हा तो गरम होता. जिंकायला एकतीस हवी होती. हेक्टर बाद झाला. त्याच्या चौदातली चार आली, तरी पुरणार होतं.

“आता होड्या कुणाच्या बंदराला लागतात ते बघा,” मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

हेक्टरचे चौदा कागद माझ्या पायाशी टेबलावर उलटे केले गेले. लिंडसे. लिंडसे. लिंडसे. बारा कागद लिंडसेचे, दोन मर्लचे.

त्या दोनांतल्या एका कागदावरच्या दोनाच्या आकड्याला खाली मोठी गाठ होती. होडीच्या दोरीला मारतात तशी. तो आकडा कोण तसा काढतो, हे मर्लला लहानपणापासून ठाऊक होतं. स्वतःचं मत त्याने शब्दाप्रमाणे दिलं होतं. लोकांच्या हातात पत्रक मात्र दुसरंच दिलं होतं. कागद खाली ठेवून तिने हेक्टरकडे पाहिलं. हेक्टरने आपल्या पेस्टीकडे पाहिलं.

मग ती शिडीवर चढली. लिंडसे, बत्तीस. मर्ल, एकोणतीस. दोन्ही अगदी सरळ लावले.

“मर्लबाई, हार मनाला लावून घ्यायची नाही हं,” लिंडसे म्हणाला. “तुमचाच नियम.”

“हो,” ती म्हणाली. “चांगला नियम आहे.”

हेक्टर जवळ आला. “पोरी, मला वाटलं, कुणी पत्रक ऐकणार नाही.”

“वीस वर्षं निकाल लावतेय, हेक्टरकाका. लोक पत्रकच ऐकतात.”

“अगं, खेळच तर आहे.”

ती चहाच्या टेबलाकडे वळली. ते डुगडुगत होतं. तिने खिशातून एक कागद काढला, त्याची चौघडी केली आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. टेबल स्थिर झालं. दर निवडणुकीनंतर ती सगळे आकडे काढून डब्यात भरून ठेवायची. त्या वर्षी ती तशीच गेली.

सोमवारी आमच्या वॉर्डातून परिषदेसाठी एकच अर्ज आला, लिंडसे रॉड्डाचा. गव्हर्नर म्हणून त्याचं नाव गावभर झालंच होतं. त्याला कुणी विरोधक नव्हता, म्हणून मतदानही झालं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बेलमोरा भरला नाही. नकाशा मर्लकडेच होता आणि तो तिच्याकडून मागायला कुणी गेलं नाही.

१९७६ साली हॉल पाडला. सामान हलवायला हेक्टर आला होता. त्याने चहाचं टेबल उचललं आणि खालची चौघडी त्याला सापडली. शाई पसरली होती, पण वाचता येत होतं. उमेदवार, मर्ल पेनहेल. सूचक, एक्स्चेंजमधली तिची जोडीदारीण. अनुमोदकाची जागा रिकामी होती, आणि तिथे पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, ‘शनिवारी निकालानंतर हेक्टरकाकांची सही घेणे’.

तो माझ्याच पाठीला टेकून बराच वेळ बसला. मग बाकीचे आकडे त्याने भंगारात दिले आणि मला खांद्यावर टाकून घरी नेलं. तिथे आठ वर्षं माझ्यावर मासे साफ झाले. अंगभर सुरीचे वार आहेत, ते तेव्हाचे. एकोणतीसचा आकडा मात्र त्याने कधी काढला नाही. त्याच्याभोवतीने सुरी चालवायचा.

मर्लचं एक्स्चेंज फोन आपोआप जोडणाऱ्या यंत्रावर गेलं आणि ती अॅडलेडला एका इस्पितळात फोन घ्यायला लागली. हेक्टरने तिला एक पत्र लिहिलं होतं. उत्तर माझ्यावरच ठेवून त्याने वाचलं. एकच ओळ होती, ‘बाबांच्या पाटीला तेल लावत जा.’ त्याने लावलं नाही. माझ्याकडे सरळ बघणं त्याला जमत नव्हतं. तो १९८४ साली गेला आणि मी इथे संग्रहालयात आले. मर्ल १९९८ साली गेली. ती पुन्हा कधी या गावात आली नाही. लिंडसे चौदा वर्षं परिषदेत होता. हॉलच्या जागी जो ट्रकतळ आहे, त्याच्या रस्त्याला त्याचं नाव आहे. तुमची शाळेची बस तिथेच उभी राहते.

मित्रांनो, मला आता तेल नको. माझ्याखालचं कार्ड कुणी बदललं नाही तरी चालेल. पण उद्या तुमच्या हातात कुणी पत्रक दिलं, आणि देणारा कितीही आपला असला, तरी ते आधी वाचा. खाली, शेवटच्या नंबरावर कुणाचं नाव आहे, ते वाचा. ते नाव जिचं, ती बाई कदाचित तिथेच, निकाल लावायला शिडीवर उभी असेल.