पाण्यातली हाजिरी

गाण्यांच्या नव्या प्लेअरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘पाच मिनिटांत जोडणी.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला एकदा वरठीला आणून आमच्या क्वार्टरमध्ये बसवायला हवं. मी स्टील प्लांटात इलेक्ट्रिकलला आहे, दोनशे मीटर केबलमधला फॉल्ट हुडकून काढतो. आणि या जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रानं तीन दिवस माझ्या नाकी नऊ आणले.

काम तसं साधं. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर गाण्यांचं एक फोल्डर आहे. ते शेअर करायचं, बाहेरच्या खोलीतल्या प्लेअरला त्याचा पत्ता द्यायचा, की वायफायवरून गाणी वाजू लागतात. पण प्लेअरला कॉम्प्युटर दिसायचा, फोल्डर दिसायचं नाही. दिसलंच तर पासवर्ड मागायचा, आणि दिला की चूक म्हणायचा. शेवटी वैतागून मी परवानगीच्या यादीतली सगळी नावं खोडली आणि ‘एव्हरीवन’ ठेवलं. कोणीही यावं, फोल्डर वाचावं, त्यात लिहावं. प्लांटात असं कुणी केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं. पण प्लेअर जोडला गेला, आणि दोनशे बारा गाणी दाखवू लागला.

हा सगळा खटाटोप मायसाठी होता. माझी बायको खुशबू बाळंतपणाला माहेरी गेली, म्हणून मी मायला, बेबीबाईला, गावाहून, कोंढ्याहून आणलं. तिला क्वार्टरमध्ये करमेना. टीव्ही नको, शेजारपाजार नको. एकच मागणं, ‘तुह्या बाचा आवाज ऐकव.’

बा जाऊन नऊ वर्षं झालेली, पण त्याचा आवाज त्या फोल्डरमध्ये होता. माझ्या बहिणीनं, ज्योत्सनानं, कॉलेजच्या प्रकल्पासाठी मोबाइलवर भरून घेतलेला. आम्ही ढिवर, तलावात मोठं जाळं ओढणारे. थंडीत पहाटे तलावावर असं धुकं असतं की शेजारचा माणूस दिसत नाही. म्हणून सगळे पाण्यात उतरले की म्होरक्या हाजिरी घेतो. नाव पुकारायचं, ज्याचं त्यानं ‘हाव’ म्हणायचं. हाजिरी पुरी झाल्याशिवाय जाळं ओढायचं नाही. ओढून झालं की पुन्हा हाजिरी, आणि सगळ्यांचं ‘हाव’ आल्याशिवाय म्होरक्यानं पाण्याबाहेर पाय ठेवायचा नाही. आमच्या गावात म्होरक्या माझा बा होता, बुधराम.

पहिल्या संध्याकाळी मायनं ते तीनदा ऐकलं. “धनीराम!” “हाव!” “धर्मेंद्र!” “हाव!” अशी सात नावं, सात उत्तरं, मग जाळं ओढायचं गाणं. माय पदर तोंडाला लावून हसत होती. तिसऱ्या वेळी तर तिनं पोळ्या करपवल्या.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवरून आलो तर ती प्लेअरसमोर मांडी घालून बसली होती. हसत नव्हती.

“आज तुयं नाव घेतलं त्यानं,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “मी त्या वर्षी आयटीआयले होतो माय. माह्यं नाव त्यात कसं राहीन?”

“लाव नं. तूच ऐक.”

लावलं. सात नावं झाली, सात उत्तरं झाली. मग गाणं सुरू व्हायचं तिथं बाचा आवाज आला, “धनराज!” आणि उत्तर नाही. नुसतं पाणी हलत होतं, मांडीएवढ्या पाण्यातून कुणी सावकाश चालावं तसं. मग गाणं.

मी आत जाऊन कॉम्प्युटरवर तीच फाइल वाजवली. चार मिनिटं दहा सेकंद, सात नावं, माझं नाव नाही. बाहेर प्लेअरच्या काचेवर त्याच फाइलपुढे चार मिनिटं बावीस. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथं पोहऱ्यात होतं आणि आडात नव्हतं. ज्योत्सनाला फोन केला. ती म्हणाली, “भाऊ, मी सात जनं मोजले होते. प्रकल्पात लिवलं बी हाय. तुले बरं नाही का?”

तिसऱ्या दिवशी चार मिनिटं चाळीस. माझं नाव दोनदा, आणि मधलं पाणी जास्त वेळ. चौथ्या दिवशी पाच मिनिटं. आता चालणाऱ्याचा श्वासही ऐकू येत होता. पाणी आधी मांडीला लागत होतं, आता छातीला लागत असावं, कारण आवाज जड झाला होता. आम्हा पाण्याच्या लोकांना ते ऐकूनच कळतं.

मी शेअरिंग बंद केलं. प्लेअरनं ‘फोल्डर सापडत नाही’ असं लिहिलं आणि मला हायसं वाटलं. पण माय त्या मुक्या डब्यापुढून हलेना. दोन दिवस तिनं चहाशिवाय काही पोटात घेतलं नाही. साठीची बाई, साखरेची गोळी चालू; दुसऱ्या दिवशी भिंतीला धरून चालू लागली.

“कायले असं करून राहिली?” मी ओरडलो.

“त्याची हाजिरी पुरी नाही झाली,” ती शांतपणे म्हणाली. “नऊ वर्सं झाली, तो निघूनच नाही राहिला पान्यातून. तिकडं तो उभा हाय न् म्या इकडं जेवू?”

मी खाली बसलो. नऊ वर्षं पोटात ठेवलेलं त्या दुपारी सांगितलं.

त्या डिसेंबरात एक गडी तापानं पडला होता, आणि त्याच्या जागी मी येतो म्हणून बाला कबूल केलं होतं. पण आदल्या दिवशी या प्लांटातून बोलावणं आलं, सकाळी आठला हजर व्हा. बाला सांगावं म्हणून मी पहाटे तलावाच्या पाळीवर, काठच्या बांधावर गेलो. धुक्यात कोणी दिसत नव्हतं. बानं माझ्या गाडीचा दिवा पाहिला असणार. हाजिरी सुरू झाली, आणि शेवटी माझं नाव आलं. पायात नवे बूट होते. ओ दिली तर बा अडवील, नोकरी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात. मी तोंड मिटून गाडी ढकलत रस्त्याला लावली आणि तिथून सुरू केली. मागून हाका येत होत्या.

पोरगा उतरला आणि बुडाला असं समजून बा मला शोधत खोलात गेला. त्याला दुपारी काढलं. गावानं मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी आलोच नव्हतो, गाडी दुसऱ्या कुणाची असेल.

मायनं सगळं ऐकलं. माझ्या पायांकडे बघत राहिली. मी शिवी मागत होतो, ती तेवढीसुद्धा देईना. मग म्हणाली, “लाव ते.”

मी कॉम्प्युटरवर जाऊन पुन्हा ‘एव्हरीवन’ केलं. बाहेर आलो तर प्लेअरनं गाणी दाखवली होती आणि बाची फाइल न दाबताच वाजत होती. काचेवर तिची लांबीच नव्हती, नुसती रेघ.

सात नावं, सात ‘हाव’. मग, “धनराज!”

मेलेल्याच्या हाकेला ओ देऊ नये, हे आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी शिकवतात. जो ओ देतो त्याला ती हाक घेऊन जाते. मायनंच मला ते शिकवलं होतं. खुशबूला नववा महिना लागला होता. स्पष्ट सांगायचं तर मला मरायचं नव्हतं, आणि मी दाराकडे एक पाऊल सरकलोही होतो.

“हाव,” माय म्हणाली. माझ्याऐवजी तिनं ओ दिली.

पाणी थांबलं. क्षणभर वाटलं, भागलं. मग पाणी पुन्हा हललं, आणि हाक आली ती आधीपेक्षा जवळून, “धनराज!” खोलीत गाळाचा वास आला. मायनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत जा म्हणणं नव्हतं, थांब म्हणणंही नव्हतं. तिनं फक्त माझं मनगट धरलं, घट्ट, जाळ्याची दोरी धरावी तसं. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा आवाज फुटला होता, नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाचा.

मला ते सोसवेना. भीती होतीच, पण तो माझ्यासाठी गुदमरत होता हे त्याहून वाईट होतं.

“हाव बा,” मी म्हणालो. “हाव. मी पाळीवर हाय.”

पाण्याचा आवाज बंद झाला. मग बानं श्वास घेतला, खूप वेळ दम रोखलेल्या माणसासारखा, आणि धापा टाकत, माझ्या लहानपणी म्हणायचा तसाच म्हणाला, “तिथंच राह्य बाबू. इकडं येऊ नोको. पानी खोल हाय.”