दुभाष्याच्या खिशातलं घड्याळ

चाचणीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पॅकिंगची माणसं, वरच्या मजल्यावरच्या विमा कंपनीच्या दोन बायका, लिफ्टवाला, सगळे टाचा उंचावून उभे होते. समोर एक मोठा पडदा, त्याला जोडलेली काचेची पेटी, आणि पेटीवर हात ठेवून वेगमहाराज.

हे नाव लोकांनीच दिलेलं. कार्डावर ‘गतिसल्लागार’ असं छापलं होतं. पण जो माणूस दारातून आत येताना आधी यंत्राला नमस्कार करतो आणि मग माणसांना, त्याला सल्लागार म्हणायला जीभ वळत नाही.

“घड्याळं, मोबाईल टोपलीत ठेवलेत ना सगळ्यांनी?” महाराजांनी विचारलं. “लहरींनी यंत्राची समाधी मोडते. भिंतीवरचं घड्याळही उतरवा हो कुणीतरी. टिकटिक म्हणजे यंत्राच्या कानाशी कुजबुज.”

लिफ्टवाल्याने स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. भिंतीवर एक पांढरा गोल तेवढा उरला.

“आता डोळे मिटा. कालपर्यंत याला सुरू होऊन तयार व्हायला चाळीस सेकंद लागत होते. मी याला कोड शिकवला नाही, मी याला शांत व्हायला शिकवलं. घाई करणारा उशिरा पोचतो, बाबांनो. थांबणाराच आधी पोचतो. श्वास आत घ्या. सोडा. यंत्र तुमच्यात, तुम्ही यंत्रात. पुन्हा घ्या. सोडा. मन पाण्यासारखं करा. तळ दिसू दे... आता उघडा.”

पडद्यावर आकडा होता: चार सेकंद.

खोलीभर उसासा फुटला. विमा कंपनीतल्या एकीने हळूच विचारलं, “आमचा प्रिंटर आणला तर चालेल का?”

डोळे न मिटलेलं माणूस खोलीत एकच होतं. भिंतीशी, हातात चाचणीचा तक्ता धरून उभी असलेली तपासनीस. तिला सगळे ताई म्हणत. ताईने डोळे मिटले नव्हते, कारण जिथे डोळे मिटायला सांगतात तिथे ते उघडे ठेवायचे, ही तिच्या धंद्याची पहिली पायरी. आणि ओठांतल्या ओठांत ती गुणगुणत होती, जशी ती कुठेही थांबावं लागलं की गुणगुणत असे:

*झोप गं सोनुले, झोप दिव्याच्या उजेडी*
*श्वास तुझा मोजिताना रात्र झाली माझी थोडी*

महाराजांच्या ‘डोळे मिटा’पासून ‘आता उघडा’पर्यंत तिच्या चार ओव्या झाल्या होत्या. आणि ताईची ओवी म्हणजे दहा सेकंद. एक कमी नाही, एक जास्त नाही.

या मोजमापाची गोष्ट अशी. सहा वर्षांपूर्वी तिची मुलगी दिवस भरण्याआधीच जन्माला आली आणि अशाच एका काचेच्या पेटीत महिनाभर राहिली. असली बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात. तेव्हाच्या पेटीला घंटा नव्हती. वॉर्डातल्या सिस्टरने छातीला टाचलेल्या घड्याळावर तिची ओवी मोजून पाहिली आणि म्हणाली, “गात बस. दोन ओव्या झाल्या आणि छाती हलली नाही, की मला हाक मार.” ताईने महिनाभर गायलं. तीनदा हाक मारली. मुलगी आता शाळेत जाते आणि आईला गाणं म्हणू नकोस म्हणते.

तेव्हापासून ताई इथे. या कंपनीच्या पेटीला घंटा होती: बाळाचा श्वास वीस सेकंद थांबला की वाजणारी. घंटा कधी वाजवायची, दिवा कधी लावायचा, हे नियम एका छोट्याशा भाषेत लिहिलेले. ती भाषा वाचून यंत्राला समजावणारा तो इंटरप्रिटर. कारखान्यात त्याला कुणी इंटरप्रिटर म्हणत नसे. दुभाष्या म्हणत. तुमचं यंत्राला सांगणारा, यंत्राचं तुम्हाला सांगणारा. दुभाष्या चांगला होता, पण जरा सुस्त. म्हणून साहेबांनी महाराजांना बोलावलं, महाराज दुभाष्याला तीन आठवडे घेऊन गेले, आणि आज तो म्हणे जागृत होऊन परतला होता.

“ताई, सही करा,” साहेब म्हणाले. “वॉर्डातून सिस्टर आल्यात. बारा पेट्या दुपारी जायच्यात. आज रात्रीच बाळं ठेवणार आहेत त्यांत.”

दारात तीच सिस्टर उभी होती. केस पांढरे झालेले, घड्याळ अजून छातीलाच. उशिरा आल्यामुळे ते टोपलीत जायचं राहिलं होतं.

“साहेब, ते चार सेकंद नव्हते,” ताई म्हणाली.

“पडद्यावर आहे की ढळढळीत.”

“पडदा त्याचाच ना? मी चार ओव्या म्हटल्या. चार सेकंदांत चार ओव्या होत नाहीत.”

कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. “अहो, पेट्या विकायच्यात आपल्याला. ओव्यांनी मोजायचं होतं तर जातं नसतं का घेतलं?”

महाराज मात्र रागावले नाहीत. असल्या माणसांना रागावता येत नाही, ते धंद्यात बसत नाही. “भक्ताला काळ लांब वाटतो, ताई. तुमचं मन अजून कालच्या यंत्रात अडकलंय.”

“असेल. मग दुभाष्याचा मूळ कोड दाखवता?”

“मूर्तीच्या पोटात कुणी हात घालतं का?”

“मूर्तीच्या नाही घालत,” ताई म्हणाली. “पेटीत बाळ असतं, म्हणून घालते. बाहुली घेते.”

चाचणीची रबरी बाहुली सगळ्यांना ठाऊक होती. पोटात हवेची पिशवी. भात्याने ती फुगते, बसते, बाळासारखी. साहेब कंटाळून म्हणाले, “ती चाचणी सकाळीच झाली. अहवाल आहे: वीस सेकंदांनी घंटा वाजली. पास.”

“अहवाल कुणी लिहिला?”

“कुणी म्हणजे? यंत्रानेच.”

“हां,” ताई म्हणाली.

तिने बाहुली पेटीत ठेवली, छातीवर पट्टी चिकटवली. हिरवा दिवा लागला. बाहुलीची छाती वर झाली, खाली झाली. मग ताईने हवेची नळी चिमटीत धरली. छाती थांबली. सिस्टरचा हात आपोआप घड्याळाकडे गेला.

ताई गाऊ लागली. या खेपेला मोठ्याने.

*झोप गं सोनुले, झोप काचेच्या घरात*
*आई तुझी दाराशी गं, जीव तिचा तुझ्या उरात*

एक ओवी झाली. ही दुसरीही झाली. दिवा हिरवाच. तिसरीला पॅकिंगवाल्यांचं हसू थांबलं. पाचवीला कुणीतरी म्हणालं, “घंटा बिघडली वाटतं.” सिस्टरचे ओठ पांढरे पडत चालले. आठव्या ओवीला साहेब म्हणाले, “बास आता, सोडा ती नळी.” बाहुली रबराची होती हे सगळ्यांना माहीत होतं. तरी विमा कंपनीतल्या बाईने तोंडाला पदर लावला.

ताईने नळी सोडली नाही. तिच्या अंगाईला बाराच ओव्या होत्या. त्या संपल्या तशी तिने पहिल्यापासून सुरुवात केली. विसावी ओवी संपता संपता घंटा वाजली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं: वीस सेकंदांनी घंटा वाजली. पास.

“तीन मिनिटं, वीस सेकंद,” सिस्टर म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “एवढ्या वेळानंतर मी बाळ आईच्या हातात देत नाही. चादरीत देते.”

 महाराज पुढे सरसावले. “हे बघा, वेळ ही शेवटी माया आहे...”

“असेल,” ताई म्हणाली. “पण बाळाला तिच्यातच श्वास घ्यायचा असतो.”

ती खुर्ची ओढून बसली. मूळ कोड नव्हता, पण दुभाष्या कुणाकुणाला बोलावतो ती नावं लपवू शकत नाही. कोणतं फंक्शन, म्हणजे नेमून दिलेलं छोटं काम, कुठून घेतलं याची यादी काढता येते. यादी पडद्यावर उतरू लागली.

“बघा. दुभाष्याला सगळं स्वतःला येत नाही. आकडेमोड, अक्षरं, वेळ, जे जे रोजचं, ते तो सी लायब्ररीत, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांच्या सामाईक भांडारात, जाऊन विचारतो. लायब्ररी म्हणजे चौकातलं घड्याळ. सगळे तिथेच बघतात, म्हणून सगळ्यांचं जुळतं. ही ओळ, लायब्ररीतून. ही, लायब्ररीतून. हीसुद्धा. आणि ही वेळ विचारणारी ओळ?”

लिफ्टवाला पुढे वाकून वाचू लागला. “ही तर आतलीच आहे.”

“आतली. नाव हुबेहूब तेच, माणूस दुसरा. तोतया. यंत्र नाव बघतं, चेहरा बघत नाही. त्या नावाचं कुणी घरात सापडलं की लायब्ररीपर्यंत कशाला जाईल? आता दुभाष्याला वेळ विचारली की तो चौकात जात नाही, खिशातलं घड्याळ काढतो. ते दहा सेकंदांना एक सेकंद चालतं. चाळीसाचे चार झाले, तो चमत्कार. आणि विसाचे दोनशे झाले, तोही त्याच चमत्काराचा.”

“म्हणजे काम जलद झालंच नाही?” साहेबांनी विचारलं.

“कणभरही नाही. म्हणून तर घड्याळं टोपलीत.”

साहेबांनी शेवटची काडी धरून पाहिली. “पण आपणही लायब्ररीतली फंक्शनं बदलतोच की. मेमरी देणारं तुम्हीच नाही का बदललंत?”

“बदललं. पेटीची मेमरी लहान, म्हणून. काय बदललं, का बदललं, ते तक्त्यात लिहिलंय आणि कुणीही तपासू शकतं. बदलणं पाप नाही, साहेब. डोळे मिटायला सांगून बदलणं पाप.”

एवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की महाराज गेलेत. जाताना त्यांनी यंत्राला नमस्कार केला की नाही, कुणी पाहिलं नाही. टोपलीतलं स्वतःचं घड्याळ मात्र ते न विसरता घेऊन गेले. ते बरोबर चालत असणार.

लोक टोपलीशी गर्दी करून आपापलं शोधू लागले. त्यांना हसण्यात अर्थ नव्हता. सुस्तीला कंटाळलेल्या माणसाला चार हा आकडा गोड लागतो. पण जो धावतो त्याच्याच हातात घड्याळ दिलं, तर तो नेहमी पहिलाच येणार. कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कार करायला आयुष्य पडलंय. आधी एवढंच विचारावं, हे मोजलं कुणी? आणि उत्तर ‘ज्याने केलं त्यानेच’ असं आलं, तर भिंतीवरचं घड्याळ परत टांगावं.

लिफ्टवाल्याने ते टांगलं. ताईने जुना सुस्त दुभाष्या पेटीत बसवला, बाहुली ठेवली, आणि नळी सिस्टरच्या हातात दिली.

“तुम्ही धरा.”

सिस्टरने धरली. ताई गाऊ लागली. एक ओवी झाली. दुसरी शेवटाला आली, *जीव तिचा तुझ्या*...

घंटा वाजली. शेवटचा शब्द गायचा राहिला.